माडांच्या आळ्यांतली माती

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी फाटकाशी पाववाल्याकडून, आमच्या पोदेराकडून, उंडे घेत होतो. इस्पितळातून पुतण्या बोलत होता. "काका, आई गेली," एवढंच म्हणाला. पोदेर सायकल धरून तसाच उभा राहिला. पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे. आमच्याकडे माणूस गेलं की येणाऱ्याला सगळं नेमकं हवं असतं. नेमकं किती वाजता गेली, साखर किती होती, डॉक्टरांनी नेमके शब्द कोणते वापरले. एका गृहस्थांना मी जरा तोडूनच बोललो, की वेळ कळून तुम्ही आता काय करणार आहात? माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. वहिनी असती तर तिनं त्यांना बसायला सांगितलं असतं आणि नेमकं ठाऊक नाही पण अदमासानं सांगते, असं म्हणून पाच मिनिटांत त्यांचं समाधान केलं असतं. अदमास हा तिचा शब्द. तिच्याइतक्या गांभीर्यानं तो शब्द वापरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मालिनीवहिनी मूळची पेडण्याकडची, हरमलची. लग्न होऊन डिचोली तालुक्यात, मुळगावच्या पलीकडे आमच्या गावात आली तेव्हा तिला समुद्राची सवय होती, खाणीच्या लाल धुळीची नव्हती. धुतलेली लुगडी वाळून घरात येईपर्यंत गुलाबी होतात हे तिनं पहिल्या आठवड्यात पाहिलं आणि आईला विचारलं, की हे असंच चालतं का? आई म्हणाली, चालतं. वहिनी डिचोलीच्या एका शाळेत गणित शिकवत असे. तिच्या वर्गात उदाहरण सोडवायला घेण्याआधी उत्तर साधारण किती यावं ते सांगावं लागे. ते न सांगता थेट आकडेमोड करणाऱ्याचं बरोबर उत्तरही ती मानत नसे. "आदीं अदमास सांग, मागीर गणीत कर," हे तिचं वाक्य आमच्या घरातही चाले. मासळीवालीची टोपली उंबऱ्यावर टेकली की आत बांगडे किती असतील यावर तिची आणि माझी पैज लागे, आणि बहुतेक वेळा मीच हरत असे. मी म्हणायचो की तू मासळीवालीला फितवून ठेवली आहेस. ते दिवस गोवा घटकराज्य नुकतंच झाल्याचे, घराघरांत भाषेवरून वाद घालण्याचे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पणजीत नोकरीला. शनिवारी घरी आला की शेजाऱ्यांशी मराठी-कोंकणीवरून भांडून सोमवारी परत जाई. वहिनी शाळेत मराठी बोले, चुलीपाशी कोंकणी बोले आणि या भांडणाच्या वेळी आत जाऊन पेपर तपासत बसे.

मी खाण कंपनीच्या सर्व्हे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. खनिजावरची टाकाऊ माती काढून तिचे डोंगर रचतात, त्यांना आमच्याकडे डंप म्हणतात. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असाच एक डंप वर्षावर्षानं वाढत चालला होता. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्याची मापं घेतली जात. पावसात किती माती वाहून गेली ते त्यातून निघे आणि ते नकाशे शाईनं काढायचं काम माझं. वाहून गेलेली माती जायची कुठे, तर आमच्याच व्हाळात, म्हणजे ओढ्यात. व्हाळातून शेतात, देवळाच्या तळीत आणि उरलेली नदीत. तळीच्या झऱ्यावर खालच्या सगळ्या विहिरींचं पाणी अवलंबून. त्या वर्षी विहिरी लाल झाल्या. घागर रात्रभर ठेवली की सकाळी तळाशी बोटभर गाळ बसे. त्यातच कंपनीनं डंप आणखी उंच करायची परवानगी मागितल्याची बातमी आली. गावकऱ्यांनी अर्ज केले आणि सरकारनं एक समिती नेमली. ती येऊन जागा पाहणार, दोन्ही बाजू ऐकणार. गावाचं म्हणणं एवढंच, की डंपाच्या पायथ्याशी वंय, म्हणजे भिंत, बांधा आणि गाळ अडवा. पण त्यासाठी माती किती येते ते सांगायला हवं. अर्ज करकरूनही कंपनीकडून एकही आकडा मिळाला नाही. मग देवळाच्या महाजनांनी वहिनीला विचारलं, की मास्तरीणबाई, तुमी कितें तरी करा.

तिनं हो म्हटलं त्या संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. मी म्हटलं, "वयनी, तुका जाय तो आकडो..." पुढचं तिनं मला बोलूच दिलं नाही. तांदूळ निवडता निवडता हात वर केला. "सदा, हें काम सोंपसर तुज्या ऑफिसाचें एक अक्षर ह्या घरांत काडूं नाका. हांवूंय विचारची ना." काम संपेपर्यंत मी सांगायचं नाही आणि ती विचारणार नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं. मी म्हटलं, पण मला ठाऊक आहे ना. ती म्हणाली, तुला ठाऊक आहे म्हणूनच. माझं लग्न तेव्हा सावंतवाडीकडच्या मुलीशी ठरलेलं होतं, नोकरी पाहून ठरलेलं. पण मला वाटतं, तिला माझ्या नोकरीची काळजी होती तेवढीच त्या आकड्याचीही होती. चोरून आणलेला आकडा समितीपुढे टिकला नसता. त्या दिवसापासून आमच्या घरात एक विचित्र ताण सुरू झाला. दिवसभर मी ज्या मातीचे नकाशे काढायचो तीच माती ती रात्री कागदावर शोधायची, आणि जेवताना आम्ही आमटीला मीठ जास्त झालं की कमी यावर बोलायचो.

तिची रीत साधी होती. दर वर्षी जत्रेआधी गाव मिळून देवळाची तळी उपसतो. म्हणजे तळीत असतो तो गाळ एका वर्षाचा. व्हाळ गावात शिरतो तिथे पूर्वजांनी एक दगड बसवून ठेवला आहे. त्यानं पाण्याच्या तीन सारख्या वाटण्या होतात, एक तळीला आणि दोन शेतांना. या वाटणीवरून गावात कधी भांडण झालेलं नाही. तेव्हा तळीतला गाळ मोजला की तिपटीनं सगळा कळला. समितीच्या लोकांना तळीच्या काठावर उभं करायचं, गाळात गेलेल्या पायऱ्या दाखवायच्या, काठी बुडवून खोली दाखवायची. डोळ्यांना दिसेल असा पुरावा, त्यावर कोण काय बोलणार? गाळ शेवटपर्यंत साठू द्यायचा आणि समिती येण्याच्या आदल्या दिवशी मोजायचा असं तिनं ठरवलं होतं. मधल्या काळात तिचे वडील आजारी पडले आणि ती आठवडाभर हरमलला गेली.

परत आली ती समिती यायच्या तीन दिवस आधी. बसमधून उतरून पिशवी घेऊन देवळावरून येताना तिनं तळी पाहिली. तळी लख्ख होती. पायऱ्या तळापर्यंत घासून काढलेल्या, कडेनं शेणसडा घातलेला, केळीचे खांब लावलेले. सगळा गाव तीन दिवस राबला होता आणि त्यात माझी आई सगळ्यांच्या पुढे होती. पणजीहून सायब लोक येणार, गावाची तळी घाण दिसली तर गावाची लाज जाईल, असं कोणाच्या तरी मनात आलं आणि मग ते सगळ्यांच्याच मनात आलं. पाहुणा यायचा म्हणजे अंगण झाडायचं, ही आमची जन्माची सवय. मी ते तीन दिवस ऑफिसच्या कामाला बाहेरगावी होतो, त्याच संध्याकाळी परतलो. घरी कळलं तेव्हा मला इतका संताप आला की मी आईवर ओरडलो. आई बिचारी कौतुकाची वाट पाहत उभी होती, तिला काही कळेना. वहिनी तळीच्या पायरीवर बसून राहिली होती. तिला मी आणायला गेलो तर तिचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, चल घरी. ती उठली, घरी आली, हातपाय धुतले आणि आईला फक्त एक विचारलं.

"आई, माती खंय उडयली?"

"उडयतात कित्याक?" आईनं तोंडाला हात लावला. "देवाचे तळयेची माती ती. घराघरांनी वांटली, माडांक घातली."

तळीची माती टाकून द्यायची नाही, घरटी वाटून घेऊन माडांच्या आळ्यात घालायची, हा आमच्या गावचा जुना रिवाज. पूर्वी ती काळी, कसदार माती असे, माडाला खत होई. खाण आल्यापासून ती लाल चिकण झाली, माडांचं तिनं काही भलं होत नव्हतं, पण देवाची माती म्हणून लोक निमूटपणे घालत राहिले होते. रिवाजानं पुरावा धुऊन काढला होता आणि रिवाजानंच तो गावभर जपून ठेवला होता. ते ऐकून वहिनी उठली. मग शिवणाच्या पेटीतून टेप काढली, घासलेटचा रिकामा डबा घेतला आणि चहासुद्धा न पिता बाहेर पडली.

पुढचे दोन दिवस ती गावातल्या एकेका माडाखाली वाकलेली होती. प्रत्येक आळ्यात वरचा ताजा लाल थर वेगळा दिसत होताच. तो किती जाड आहे ते ती पाही, आळ्याचा घेर घेई. दोन-चार आळी उपसून डब्यानं भरून पाहिली, म्हणजे तिच्या हिशेबाची खात्री पटावी. शेजारची शेवंती तिच्याबरोबर डबा धरायला होती. बाकीची बायकामंडळी भोवती जमत आणि हळूहळू कुरकुर सुरू झाली, कारण वहिनी सगळीकडे कमीच धरत होती. कोणी म्हणालं मी दोन पाट्या जास्त नेल्या होत्या, तर ती विचारी, दाखव कुठे आहेत. कोणाच्या आळ्यात राख मिसळलेली दिसली की ते आळं सोडून देई. उपसताना पाण्याबरोबर वाहून गेलेली माती तर तिनं धरलीच नाही. शेवंती चिडली. ती म्हणाली, कंपनी आमका बुडयता आनी तुमी तिचीच बाजू घेतात. वहिनीनं टेप गुंडाळत तिला सांगितलं, "जें दाखोवंक येता तेंच धरपाचें. एक पाटी चड धरली आनी ती फट निवळ्ळी जाल्यार सगळ्यो पाट्यो गेल्यो." एक पाटी जास्त धरून ती खोटी ठरली तर सगळ्याच खोट्या ठरतील, हे शेवंतीला पटलं नाही. गावात अनेकांना शेवटपर्यंत पटलं नाही.

सुनावणी देवळाच्या सभामंडपात झाली. माझी जागा कंपनीच्या बाजूला, मॅनेजरच्या मागच्या रांगेत. नकाशांच्या नळ्या माझ्या मांडीवर होत्या, पण त्या जमिनीच्या हद्दीच्या. डंपाच्या मापांचे नकाशे आणायला मला सांगितलेलं नव्हतं. सुरुवातीला बराच वेळ बोलणं कुठल्या भाषेत लिहून घ्यायचं यावरच गेला. मग समितीच्या अध्यक्षांनी कंपनीला विचारलं, की डंपावरून वर्षाला किती माती वाहून जाते? मॅनेजर उठले. बेळगावकडचे, बोलायला गोड. म्हणाले, असं मोजमाप ठेवण्याची पद्धत आमच्याकडे नाही. मी खाली पाहिलं. माझ्या बोटांना त्याच मोजमापाची शाई लागलेली होती. समोर, दोन खांबांच्या मध्ये, वहिनी बसली होती, आणि तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं, आणि हे तिला माहीत होतं.

तिची पाळी आली. अध्यक्ष म्हणाले, बाई, तुमच्याकडे तरी मोजमाप आहे का? तिनं शाळेतल्या स्वच्छ मराठीत सांगितलं, की मोजमाप नाही, अदमास आहे. मग तिनं तळीचा रिवाज सांगितला, व्हाळाचा दगड सांगितला, माडांची आळी सांगितली, आणि कुठे कुठे कमी धरलं आहे तेही एकेक करून सांगितलं. शेवटी आकडा सांगितला, तोही ट्रकांच्या हिशेबात, म्हणजे सगळ्यांना समजावा. तो आकडा मी इथे लिहीत नाही. आकडा लिहिला की लोक आकड्यावर भांडतात. पण तो ऐकला आणि माझ्या मांडीवरची एक नळी खाली पडली. मला ठाऊक असलेला आकडा त्याहून थोडासाच वर होता. मॅनेजरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं, "हे अगदी बरोबर आहे असं तुम्ही म्हणता?"

"बरोबर आहे असं नाही म्हणत," वहिनी म्हणाली. "यापेक्षा कमी नाही, एवढं म्हणते. जास्त किती, ते कंपनीनं दाखवावं."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. असा आकडा अंदाजानं येत नसतो, म्हणाले. घरातलाच माणूस असला की येतो, वर संशय येऊ नये म्हणून थोडा कमी करून सांगायची अक्कलही असते. मी शपथ घेतली, की आकडा मी दिलेला नाही. ते म्हणाले, आता घरी जा, उद्या येताना लिहून आणा की आकडा मी दिला, म्हणजे निदान प्रकरण पोलिसांत जाणार नाही. मी घरी आलो तो कसा आलो मला आठवत नाही. मी वहिनीवर भडकलो. तुझ्या त्या अदमासापायी माझं आयुष्य उधळलं, असंही म्हणालो असेन. तिनं ऐकून घेतलं. तिनं दोन्ही हात पदरात लपवले. त्यापूर्वी मी तिला कधी घाबरलेली पाहिली नव्हती, आणि ती घाबरली आहे हे पाहून मला जास्तच भीती वाटली... सकाळी तिनं शाळेला रजा कळवली, इस्त्रीची साडी नेसली आणि माझ्याबरोबर ऑफिसात आली.

मॅनेजरांनी तिला खुर्ची दिली. ती बसली, मी उभा. फार बोलायचं नाही असं ठरवूनच ती आली असावी. "ह्यांना काढायचं असेल तर काढा," ती म्हणाली. "पण कारण लिहून द्या."

"कारण उघड आहे. कंपनीचा आकडा बाहेर दिला."

"म्हणजे कंपनीकडे आकडा आहे," वहिनी म्हणाली. "परवा समितीपुढे तुम्ही नाही म्हणालात."

मॅनेजर तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हे ओरडणार. त्यांनी समोरची फाइल मिटली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग तिच्याकडे न पाहता मला म्हणाले, "जागेवर जा. हद्दीचे नकाशे आज पुरे करा." बाहेर आल्यावर वहिनीनं घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, बस चुकेल, आणि निघाली. मी माझ्या जागेवर गेलो आणि दुपारपर्यंत एक सरळ रेघ मला ओढता आली नाही.

डंप उंच करायची परवानगी तेव्हा मिळाली नाही आणि पुढच्या पावसाआधी पायथ्याशी वंय बांधून झाली. तिची उंची वहिनीच्या आकड्यावरून ठरली. विहिरी निवळल्या, पण मोठ्या पावसात अजूनही एखादा दिवस लाल पाणी यायचं, आणि मग शेवंती आमच्या अंगणात येऊन सुनावून जायची, की आकडा मोठा सांगितला असता तर वंयही मोठी झाली असती. वहिनी तिला चहा करून देई. माझं लग्न झालं, मुलं झाली, दादा गेला. मी त्याच कंपनीत राहिलो. रोज संध्याकाळी मी आलो की ती दारापुढच्या बलकांवातल्या, म्हणजे ओसरीतल्या, बाकावर बसलेली असे, चहा घेणार का विचारी, आणि ऑफिसात काय झालं हे जन्मात एकदाही विचारलं नाही. एकदाच, तळी उपसत होते तेव्हा काठावर उभी राहून आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सदा, म्हजो आकडो चड आशिल्लो जाल्यार त्या मॅनेजराचेर अन्याय जालो न्ही रे?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "तूं कायच सांगूं नाका." तेव्हा मला कळलं, की कंपनीला गप्प करून आलेली ही बाई इतकी वर्षं, आपला आकडा जास्त तर नव्हता ना या शंकेपायी, मनात त्याच सुनावणीत उभी आहे.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. हार, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन घरी आलो. वहिनी नेहमीच्या जागी होती. तब्येत उतरली होती, शाल घेऊन बसली होती. मी बाजूला बसलो. तिनं विचारलं, "आतां तूं कंपनीचो न्हय मरे?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, "आतां विचारूं?"

मी म्हटलं, विचार.

"उणें नाशिल्लें न्ही?"

"उणें नाशिल्लें, वयनी. चडच आशिल्लें." आणि कंपनीचा आकडा तिच्या आकड्याहून किती जास्त होता ते मी तिला सांगितलं.

तिनं डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते, हिशेब करत होती. मला वाटलं आता तिला सुटल्यासारखं होईल. आधी ती हसलीच. म्हणाली, त्या मॅनेजराची मी मनातल्या मनात किती वर्षं माफी मागितली! मग हसू थांबलं. "म्हणजे वंय आणीक हातभर उंच जाय आशिल्ली," ती म्हणाली. "शेवंतीचें खरें." शेवंती तोवर जाऊन दोन वर्षं झाली होती. वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, एवढं मनाला लागलेलं होतं तर मधल्या वर्षांत हळूच विचारायचं, मी कोणाला सांगितलं असतं? ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "विचारलें आसतें जाल्यार तुका म्हाका फटोवचें पडलें आसतें. घरांत तें नाका आशिल्लें." नोकरीपायी मला तिच्याशी खोटं बोलावं लागू नये, म्हणून तिनं इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

आता संध्याकाळी मी त्याच बाकावर बसतो. बायको आतून विचारते, चहा ठेवू का? पुतण्या विचारतो, आज कुठे गेला होतात? नातवंडं तर काहीही विचारतात. मी सगळ्यांना खरं ते सांगतो. बाकाची एक बाजू मी मोकळी ठेवतो. वहिनी तेव्हाही मला काही विचारत नसे आणि आताही विचारत नाही, पण आताचं हे न विचारणं मला सोसत नाही.